भीमराव रामजी आंबेडकर : वंश, वर्ण आणि शीख धर्माचा विचार

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, समाजचिंतक, अस्पृश्यांच्या मुक्तिलढ्याचे नेते आणि भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. जात आणि अस्पृश्यता यांचे मूळ वंशात किंवा कातडीच्या रंगात आहे काय, या प्रश्नाचा त्यांनी सुमारे तीस वर्षे विचार केला आणि त्याचे उत्तर ठामपणे नकारार्थी दिले. १९३५ ते १९३७ या काळात त्यांनी शीख धर्म स्वीकारण्याचा गंभीर विचार केला होता. त्या प्रसंगाला याच प्रश्नाची पार्श्वभूमी आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा हा एकच धागा सविस्तर घेतला असून इतर घटनांचा उल्लेख आवश्यक तेवढाच केला आहे.

बालपण आणि सातारा

आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षक म्हणून काम करीत. घराणे कबीरपंथी असल्यामुळे घरात भजने-दोहे नित्य म्हटले जात. निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीस राहिले आणि पुढे नोकरीनिमित्त सातारा येथे स्थायिक झाले. सातारा येथेच १८९६ मध्ये आई भीमाबाई यांचे निधन झाले. त्यानंतर मुलांचा सांभाळ आत्या मीराबाई यांनी केला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. वर्गात बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट आणावे लागे. शाळेच्या शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. शिपाई नसेल तर पाणीही नसे. गावातील न्हावी अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावीत नसल्यामुळे केस कापण्याचे काम बहिणीकडे होते.

मसूर स्थानक, १९०१

याच काळातील एक प्रवास आंबेडकरांनी पुढे आपल्या आत्मकथनपर टिपणांत सविस्तर लिहून ठेवला आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते (काही छापील प्रतींत गावाचे नाव कोरेगाव असेही आढळते). दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटण्यास निघाली. आगगाडीने ती मसूर स्थानकावर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर न मिळाल्याने घ्यायला कोणी आले नव्हते.

मुलांच्या अंगावर नवे सदरे होते, डोक्यावर भरजरी टोप्या होत्या आणि धोतरांना रेशमी काठ होते. रंगरूपाने व पोशाखाने ती कोणत्याही सुस्थितीतील घरची दिसत होती. स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आपुलकीने विचारपूस केली. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते पाच पावले मागे सरकले. त्यानंतर कोणी गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान तयार झाला. तो स्वतः बराच वेळ गाडीबरोबर पायी चालला. वाटेत पिण्याजोगे पाणी न मिळाल्याने बरोबरचे अन्नही खाता आले नाही. टोलनाक्यावर पाणी मिळावे म्हणून मुलांना आपण मुसलमान असल्याचे सांगावे लागले, तरीही पाणी मिळाले नाही.

या प्रसंगाची नोंद बहुतेक चरित्रांत अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून येते. त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती या लेखाच्या विषयाला अधिक जवळची आहे. डोळ्यांना जे दिसले त्यावरून स्टेशनमास्तरांना काहीच कळले नव्हते. मुलांची कातडी, नाक, उंची, चेहरा यांत महारपण कोठेही नव्हते. ते केवळ उच्चारलेल्या शब्दात होते. अमेरिकेतील निग्रो मनुष्याला रस्त्यावर कोणी ओळख विचारावी लागत नसे. मसूरच्या फलाटावर मात्र ओळख विचारावी लागली, आणि सांगितल्यावरच माणूस विटाळाचा झाला.

न्यूयॉर्कमधील निबंध

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. एल्फिन्स्टन हायस्कूल व एल्फिन्स्टन कॉलेज येथील शिक्षणानंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कोलंबिया हे त्या वेळी फ्रान्झ बोआस यांच्यामुळे मानववंशशास्त्राचे महत्त्वाचे केंद्र बनले होते. मानवी गटांतील भेद वंशाने ठरतात, या तेव्हा सर्वमान्य असलेल्या समजुतीला बोआस यांनी १९११ मधील आपल्या ग्रंथात आव्हान दिले होते. बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरील निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या निबंधात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातीचे मूळ गटांतर्गत विवाहाच्या सक्तीत शोधले आणि सतीची चाल, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांचा संबंध त्या सक्तीशी जोडला. जातींच्या उगमाचे श्रेय वर्णद्वेषाला देणाऱ्या युरोपीय अभ्यासकांवर त्यांनी केलेली टीका नेमकी होती. हे अभ्यासक स्वतःच रंगद्वेषात वाढलेले असल्यामुळे भारतातही त्यांना तोच मुख्य दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. सर्व हिंदू, त्यांचा वंश कोणताही असो, एका सांस्कृतिक ऐक्याने बांधलेले आहेत, आणि त्या एकजिनसी समाजाचे तुकडे कसे पडले हाच खरा प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी होती.

त्या काळात हे मत प्रवाहाविरुद्ध होते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीची मापे घेऊन, नाक जितके चपटे तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला होता. महाराष्ट्रातही आर्य आक्रमणाचा सिद्धान्त दोन्ही बाजूंनी वापरला जात होता. उच्चवर्णीय आपला संबंध युरोपीयांशी जोडण्यासाठी त्याचा आधार घेत. उलट, महात्मा जोतीराव फुले यांनी बाहेरून आलेले आर्य व येथील मूळ शूद्रातिशूद्र अशी मांडणी करून त्यालाच ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध शस्त्र बनवले होते. फुल्यांचे मूळ गाव कटगुण हेही खटाव तालुक्यातलेच. आंबेडकरांनी फुल्यांना गुरू मानले, १९४६ मधील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला, पण त्यांचा वंशविचार मात्र स्वीकारला नाही.

अमेरिकेतील शीख आणि गोरेपणाचा दावा

आंबेडकर न्यूयॉर्कला होते तीच वर्षे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पंजाबी शिखांच्या दृष्टीने कसोटीची होती. कॅलिफोर्नियातील शेतांवर व लाकडाच्या गिरण्यांत ते मोठ्या संख्येने काम करीत होते. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ या जहाजावरील ३७६ प्रवाशांना, ज्यांत बहुसंख्य शीख होते, व्हँकूव्हर बंदरात सुमारे दोन महिने अडकवून बहुतेकांना परत पाठवण्यात आले. कारण उघडपणे वंशाचे होते.

या भेदाला शिखांपैकी काहींनी दिलेले उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. अमृतसर जिल्ह्यातून आलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात काम केलेले भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा दावा १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला. त्या वेळी गोऱ्यांनाच व आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच तेथे नागरिकत्व मिळू शकत होते. आपण उत्तर भारतातील उच्चजातीय आर्य असल्यामुळे कॉकेशियन, म्हणजेच गोरे आहोत, असा थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. उच्च जातीचा हिंदी मनुष्य येथील आदिम जमातींकडे ज्या दृष्टीने पाहतो ती अमेरिकी गोऱ्याच्या निग्रोकडे पाहण्याच्या दृष्टीसारखीच आहे, असेही त्यात मांडले गेले. शास्त्रीय व्याख्या काहीही असो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हे बसत नाहीत, असा निकाल न्यायालयाने दिला. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक हिंदी लोकांचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले.

या दाव्याविषयी आंबेडकरांनी लिहिल्याचे आढळत नाही. तरीही हा दावा आणि १९१६ चा निबंध शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. जातपात न मानणाऱ्या गुरूंच्या अनुयायाला परक्या देशातील वर्णद्वेषाशी लढताना जातीच्या श्रेष्ठतेचा आणि आर्य रक्ताचा आधार घ्यावासा वाटला. जाट शिखांचा संबंध प्राचीन शकांशी जोडणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी अशा अभिमानाला आधीच खतपाणी घातले होते.

त्याच कॅलिफोर्नियातून परतलेल्या एका पंजाबी दलिताने नेमका उलटा मार्ग धरला. होशियारपूर जिल्ह्यातील मंगूराम मुगोवालिया यांनी गदर चळवळीत काम केले होते. मायदेशी आल्यावर त्यांनी १९२६ मध्ये आद धर्म चळवळ उभी केली. अस्पृश्य हेच या भूमीचे मूळ रहिवासी असून ते हिंदू, मुसलमान वा शीख यांपैकी कोणीही नाहीत, असा तिचा दावा होता. १९३१ च्या जनगणनेत पंजाबातील सुमारे चार लाख लोकांनी आपला धर्म आद धर्म असा नोंदवला. मंगूराम यांनी पुढे आंबेडकरांना राजकीय पाठिंबा दिला, पण मूळ रहिवासी वंशाची कल्पना दोघांना समान नव्हती.

बडोदे ते येवले

सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. राहण्यास जागा न मिळाल्याने त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून मुक्काम केला. काही दिवस कोणालाही संशय आला नाही. जात कळल्यावर मात्र काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मसूर येथे ते ब्राह्मण समजले गेले होते, येथे पारशी.

पुढील काळातील घटना सर्वपरिचित आहेत. ‘मूकनायक’ हे पाक्षिक (३१ जानेवारी १९२०), राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत झालेली माणगाव परिषद (मार्च १९२०), लंडन येथील उच्च पदव्या व बॅरिस्टरी, महाडचा सत्याग्रह (मार्च १९२७), मनुस्मृतीचे दहन (२५ डिसेंबर १९२७), नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३० पासून), गोलमेज परिषदा आणि पुणे करार (२४ सप्टेंबर १९३२). मंदिरप्रवेशाच्या लढ्यातून काही निष्पन्न होत नाही, असा अनुभव आल्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथील परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. आपण हिंदू म्हणून जन्मलो, ते आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असा तिचा आशय होता.

अमृतसर आणि लाहोर, १९३६

घोषणेनंतर ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध व शीख संस्थांनी आंबेडकरांशी संपर्क साधला. त्यांतील शीख धर्माचा पर्याय त्यांनी सर्वांत बारकाईने तपासला. एप्रिल १९३६ मध्ये अमृतसर येथील शीख प्रचार परिषदेस ते उपस्थित राहिले.

या आकर्षणाची कारणे केवळ राजकीय नव्हती. कबीरपंथी घरात वाढलेल्या आंबेडकरांना गुरू ग्रंथसाहिबात कबीर, रविदास आणि नामदेव यांच्या रचना समाविष्ट असल्याचे ठाऊक होते. नामदेवांच्या तर ६१ रचना तेथे आहेत. संगत आणि पंगत, म्हणजे एकत्र बसणे व एकत्र जेवणे, हा शिखांच्या आचाराचाच भाग होता. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथाची स्थापना केली तेव्हाच्या पंच प्याऱ्यांत बिदरचे न्हावी साहिबसिंग होते. दीक्षा घेतलेल्या प्रत्येक पुरुषाला एकच आडनाव, एकच वेश आणि केस राखण्याचा एकच नियम लागू झाला. ज्या समाजात जात नाव ऐकून ओळखली जाते तेथे नाव व वेश बदलणारा धर्म हा व्यवहार्य उपाय ठरू शकत होता.

त्याच वसंतात लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले होते. मंडळाचे प्रमुख संतराम हे स्वतः जातिनिर्मूलनाचे तळमळीचे कार्यकर्ते होते. भाषणाची मुद्रित प्रत वाचून मंडळ बिचकले व त्याने काही भाग गाळण्याची विनंती केली. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिल्यावर परिषदच रद्द झाली. न झालेले ते भाषण आंबेडकरांनी मे १९३६ मध्ये स्वखर्चाने १५०० प्रतींत छापले. जातिनिर्मूलनावरील त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ तो हाच.

श्रोते पंजाबी असल्यामुळे त्यातील उदाहरणेही पंजाबची आहेत. जातिव्यवस्था वंशशुद्धीसाठी आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा फरक कोठे आहे? मद्रासचा ब्राह्मण व तेथील परिया यांच्याबाबतही तोच प्रश्न त्यांनी केला. पंजाबचा ब्राह्मण मद्रासच्या ब्राह्मणापेक्षा पंजाबच्या चांभाराला वंशाने अधिक जवळचा आहे. म्हणून जात ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी होय, हा निष्कर्ष. भारतीय लोकसंख्येत परकीय रक्त किती मिसळले आहे यासाठी त्यांनी दे. रा. भांडारकर यांच्या संशोधनाचा आधार घेतला.

शिखांतही जाती आहेत, हे आंबेडकरांनी या भाषणात नाकारले नाही. परंतु तेथे जातीचे सामाजिक वजन निराळे आहे, असे त्यांचे मत होते. शिखाला तू कोण असे विचारले तर शीख एवढे उत्तर पुरते. पुढे कोणी जात विचारीत नाही. जातीचा नियम मोडणाऱ्या शिखाला बहिष्कृत केले जात नाही, कारण जात हे त्याच्या धर्माचे कर्तव्य नाही. शिवाजी महाराजांच्या आधी संतांची, आणि शिखांच्या राजकीय सामर्थ्याच्या आधी गुरू नानकांची धार्मिक-सामाजिक क्रांती झाली, हा दाखलाही त्यांनी दिला. सुधारकांनी बुद्ध व नानक यांच्याप्रमाणे शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारावे, ही त्यांची मुख्य मागणी होती.

शीख समाजातील जात

पंजाबातील प्रत्यक्ष स्थितीच्या मानाने हे वर्णन बरेच उदार होते, असे आज म्हणावे लागते. जाट, खत्री, अरोरा, रामगढिया, रामदासिया, मजहबी अशा विभागण्या शीख समाजात स्पष्ट होत्या आणि विवाह सहसा त्यांच्या आतच होत. मजहबी म्हणजे सफाई व्यवसायाशी जोडलेल्या चूहडा जातीतून शीख झालेले लोक. याच समाजातील भाई जैता यांनी १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांचे शिर दिल्लीहून आनंदपूरला नेले होते, आणि पंथाच्या इतिहासात त्याचा सन्मानाने उल्लेख होतो. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभीही मजहबींनी आणलेला कडाह प्रसाद सुवर्णमंदिरातील पुजारी स्वीकारीत नसत. १२ ऑक्टोबर १९२० रोजी नव्याने अमृत घेतलेल्या दलितांचा जथा मंदिरात गेला तेव्हा याच मुद्द्यावर संघर्ष उभा राहिला. ग्रंथसाहिब उघडून घेतलेला कौल दलितांच्या बाजूने गेला आणि प्रसाद स्वीकारावा लागला. त्याच घटनाक्रमातून पुढच्या महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. शिखांच्या या सर्वोच्च संस्थेच्या जन्माशी अस्पृश्यतेचा प्रश्न असा निगडित आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

रंगाविषयीच्या धारणाही या विभागणीला चिकटलेल्या होत्या. काळा रंग खालच्या जातीचा आणि गोरा रंग वरच्या जातीचा, ही समजूत पंजाबात होती तशीच ती महाराष्ट्रातही होती. काळा ब्राह्मण व गोरा शूद्र यांना विपरीत मानणाऱ्या म्हणी मराठीतही आहेत. अशा म्हणी त्या समजुतीविरुद्धचा पुरावाच म्हणायच्या. काळे ब्राह्मण आणि गोरे शूद्र नित्य दिसत नसते तर म्हणीची गरज कोणाला पडली असती? शीख वेशाने रंगाचा प्रश्न सुटत नव्हता, जातीचाही नव्हता. खेड्यात पगडीखालचा माणूस कोणत्या वस्तीतला आहे हे सर्वांना माहीत होते.

माघार

३०–३१ मे १९३६ रोजी मुंबईत भरलेल्या महार परिषदेने धर्मांतराच्या निर्णयास पाठिंबा दिला. १८ जून १९३६ रोजी हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे यांनी मुंबईत आंबेडकरांची भेट घेतली. शीख धर्म स्वीकारल्यास अस्पृश्य भारतीय संस्कृतीच्या कक्षेत राहतील, आणि पुणे करारानुसार मिळालेल्या राजकीय सवलती त्यांना पुढेही मिळाव्यात, अशी मांडणी या वाटाघाटीत झाली. मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा यांनी हा पत्रव्यवहार ऑगस्टमध्ये उघड केला व धर्मांतराचा सौदा म्हणून त्यावर टीका केली. महात्मा गांधींनीही विरोध नोंदवला. सप्टेंबर १९३६ मध्ये आंबेडकरांनी १३ अनुयायांना शीख धर्माच्या अभ्यासासाठी अमृतसरला पाठवले. ते तेथे शीख झाले. १९३७ मध्ये शिरोमणी समितीच्या पुढाकाराने मुंबईत माटुंगा येथे खालसा कॉलेज सुरू झाले. त्याच्या उभारणीशी आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे.

त्यानंतर मात्र हा विचार मागे पडला. पंजाबबाहेर शीख झालेल्या अस्पृश्यांना राखीव जागा मिळतील याची ब्रिटिश सरकारकडून हमी मिळत नव्हती. लाखो नवशीख आल्यास पंथातील सत्तेचा तोल बदलेल ही भीती काही शीख नेत्यांना होती, असे अनेक अभ्यासक मानतात. पंजाबातील दलित शिखांची स्थितीही आंबेडकरांच्या नजरेआड नव्हती. यांपैकी कोणते कारण निर्णायक होते यावर चरित्रकारांत एकमत नाही. एकाच कारणावर सर्व भार टाकणारी विधाने वाचकांनी सावधपणे घ्यावीत.

लढाऊ जमातींचा सिद्धान्त

वंशविचाराचा एक फटका आंबेडकरांच्या घराला थेट बसला होता. ब्रिटिशांनी काही समाज जन्मतःच लढाऊ ठरवले. त्या यादीत जाट शिखांना अग्रस्थान मिळाले आणि १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या नोकरीने रामजी सुभेदारांना शिक्षण व प्रतिष्ठा दिली ती पुढच्या पिढीला मिटली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला होता. शिखांतही हाच भेद केला गेला. मजहबींना मुख्यतः रस्ते-खंदक बांधणाऱ्या पायोनियर पलटणींत घेतले जाई, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी त्या पलटणीही मोडण्यात आल्या.

फाळणीच्या प्रश्नावरील १९४० च्या ग्रंथात आंबेडकरांनी लढाऊ व बिगरलढाऊ ही विभागणी कृत्रिम ठरवली. १८५७ मध्ये कोण इंग्रजांच्या बाजूने लढले, यावरून ती पुढे घडत गेली, असे त्यांनी दाखवले. महायुद्धाच्या गरजेमुळे सरकारलाही धोरण बदलावे लागले. १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्याच वर्षी मजहबी व रामदासिया शिखांची स्वतंत्र पलटण उभारली गेली, जी १९४४ पासून शीख लाइट इन्फन्ट्री म्हणून ओळखली जाते.

शूद्र व अस्पृश्य यांवरील ग्रंथ

शूद्रांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात (१९४६) आंबेडकरांनी ऋग्वेदातील आर्य, दास, दस्यू, वर्ण, अनास या शब्दांची छाननी केली. वर्ण शब्दाचा मूळ अर्थ कातडीचा रंग असा घेण्यास आधार नाही, आणि अवेस्तातील समांतर शब्द पाहता त्याचा अर्थ श्रद्धा किंवा पंथ असा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. राम व कृष्ण सावळे, दीर्घतमस् व कण्व हे ऋषीही काळ्या रंगाचे; मग गोरे आर्य आणि काळे अनार्य ही विभागणी टिकते कशी, असा त्यांचा सवाल होता. १९४८ मधील अस्पृश्यांवरील ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास व चोखामेळा या संतांना अर्पण केला. त्यात रिस्ले यांच्याच पद्धतीची नाकाची मापे घेऊन, एकाच प्रांतातील ब्राह्मण व अस्पृश्य यांत वांशिक भेद नाही, असा उलटा निष्कर्ष त्यांनी काढला. नासिकामापन ही पद्धतच आज शास्त्राने टाकून दिली आहे. अस्पृश्य हे पराभूत टोळ्यांतील विखुरलेले लोक व मूळचे बौद्ध होते, हा त्यांचा स्वतःचा सिद्धान्तही इतिहासकारांत वादग्रस्त राहिला आहे.

वंश आणि जात वेगळे असले तरी दोन्हींमुळे होणारा अन्याय त्यांना परस्परांपासून दूरचा वाटला नाही. गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी वारंवार केली. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बोइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली. अस्पृश्यांच्या वतीने तसाच अर्ज करण्याचा त्यांचा विचार होता. दु बोइस यांनी जुलै १९४६ मध्ये सहानुभूतीचे उत्तर पाठवले.

राज्यघटना आणि त्यानंतर

राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. वंश आणि जात तेथे स्वतंत्र शब्दांनी नोंदले आहेत. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. अनुसूचित जातींच्या १९५० मधील आदेशात सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या, अपवाद फक्त पंजाब व पेप्सू भागातील मजहबी, रामदासिया, कबीरपंथी आणि सिकलीगर या चार शीख जातींचा. शीख समाजात अस्पृश्यता आहे, याची ही कायदेशीर कबुली होती. १९५६ मध्ये ही सवलत सर्व दलित शिखांना लागू झाली.

ऑक्टोबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी प्रचारासाठी पंजाबचा दौरा केला व जालंधर येथे सभा घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ज्या धर्मात ते शेवटी गेले त्या धर्मातील दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.

सातारा येथे भीमाबाईंची समाधी आहे. प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावरील त्यांच्या प्रवेशाची नोंद जपून ठेवण्यात आली असून, २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मसूर स्थानक पुणे–मिरज लोहमार्गावर आजही चालू आहे.